कुपाटी कुणासाठी?

जुलै सरत आला होता. पीक विम्याच्या अर्जांची शेवटची तारीख तोंडावर, ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या माझ्या सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत कुरुंद्याकडची एक मावशी भिंतीला टेकून तासभर उभी. तिचा नंबर आला तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून स्वतःचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. नवा अर्ज भरायचा नव्हता. आधी भरलेल्या अर्जाचं काय झालं, एवढंच तिला बघायचं होतं. पोर्टल उघडलेलं होतं. अर्ज क्रमांकाचे सगळे आकडे तिनं स्वतः, एकही न चुकता टाकले होते. गाडी अडली होती खालच्या चौकटीत. तिथं सहा इंग्रजी अक्षरं होती, काही मोठ्या लिपीतली, काही लहान, एकमेकांवर कललेली, आणि सगळ्यांच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली.

"ताई, हे तारंवर धुणं वाळू घातल्यावानी काय दिसायलंय?" ती म्हणाली.

पहिल्या खेपेला माझंही चुकलं. शेवटचं अक्षर मोठा आय आहे की छोटा एल, कळेना. दुसऱ्या खेपेला पान उघडलं आणि पडद्यावर एकच शब्द आला, 'प्रलंबित'. त्या शब्दापायी मावशीचा रोज बुडाला होता आणि जाण्यायेण्याचं भाडं गेलं होतं. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. घेतले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं, कारण माझं दुकान अशाच अडलेल्या कामांवर चालतं. समोर माणूस आहे की यंत्र हे तपासायला लावलेल्या त्या अक्षरांच्या चौकटीला कॅप्चा म्हणतात. कॅप्चा जितकं अवघड, तितकी माझ्या दारात गर्दी जास्त. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मी कुणाच्या बाजूनं लिहिते आहे याबद्दल शंका राहणार नाही.

आमच्याकडं शेताला कुपाटी करतात. बाभळीच्या, बोरीच्या काट्या तोडून बांधावर रचल्या की मोकाट गुरं पिकात शिरत नाहीत. पण कुपाटी करणारा एका ठिकाणी वाट ठेवतो. तिथं एखादीच फांदी आडवी लावलेली असते. माणूस ती हातानं बाजूला सारतो, आत येतो आणि परत लावतो. गुराला ते जमत नाही. कॅप्चा ही वेबसाईटची कुपाटी आहे. आज आपल्या सार्वजनिक पोर्टलांवर ती अशी रचली आहे की गुरं कुठूनही आत येतात आणि माणसांचं धोतर-लुगडं काट्यात अडकतं. बॉटला, म्हणजे आपोआप अर्ज भरत फिरणाऱ्या प्रोग्रामला, अडवण्याचा त्रास साईट बांधणाऱ्यानं सोसायचा असतो, अर्ज भरायला आलेल्या माणसावर तो ढकलायचा नसतो, असं माझं म्हणणं आहे. आणि तो त्रास फार मोठाही नाही, हे मी स्वतः करून बघितलं आहे.

कुपाटीच नको, असं मी म्हणणार नाही. बॉटचा दणका मी खाल्लेला आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमाराला तालुक्यातल्या काही हळद उत्पादकांच्या गटासाठी मी एक छोटी वेबसाईट केली. मोंढ्यातल्या आडतीवरच सगळं अवलंबून राहू नये, बाहेरच्या मसालेवाल्याशी थेट बोलणं व्हावं, एवढाच हेतू. साईटवर चौकशीचा एक अर्ज होता. नाव, फोन, गाव, किती क्विंटल पाहिजे आणि निरोप. पहिला आठवडा शांत गेला. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी उठून बघते तर एका रात्रीत चारशेच्या वर निरोप. कुणी कर्ज द्यायला निघालेलं, कुणी आमची साईट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देणार, कुणी रशियन लिपीत काहीतरी लिहिलेलं, आणि बहुतेकांत औषधांच्या नाहीतर जुगाराच्या साईटचे दुवे. 'किती क्विंटल' या रकान्यातसुद्धा वेबसाईटचे पत्ते. रोज तीच गत. मी रोज शे-दोनशे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तितकेच परत.

त्या ढिगात गुजरातेतल्या एका मसाला कारखान्याची खरी चौकशी होती. त्यांना साठ क्विंटल हळकुंड पाहिजे होतं. ती मला अकरा दिवसांनी सापडली. फोन केला तर समोरचा माणूस सभ्यपणानं म्हणाला, माल घेऊन झाला. गटाच्या बैठकीत हे सांगताना माझी मान वर होईना.

बॉट म्हणजे कुठंतरी बसून टाईप करणारा माणूस नसतो. तो प्रोग्राम असतो. जगभरच्या साईटी धुंडाळतो, जिथं अर्ज दिसेल तिथले सगळे रकाने भरतो, पाठवतो आणि पुढं जातो. त्याला हळदीशी घेणंदेणं नाही. लाखो ठिकाणी दुवा टाकला की काही ठिकाणी तो छापला जातो, कुणीतरी त्यावर बोट दाबतं, शोधयंत्रालाही वाटतं की या दुकानाचा बोलबाला आहे. एकेका निरोपाला जवळपास काहीच खर्च येत नाही म्हणून हा धंदा चालतो. पुढचा सगळा हिशेब याच एका गोष्टीवर उभा आहे.

घाबरून मी सगळ्यात मोठं कुलूप लावलं. एका मोठ्या कंपनीचं तयार कॅप्चा. नऊ चौकोनांत फोटो, त्यातले अग्निशमनाचे नळ निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा. निरोप थांबले, पण खरे-खोटे सगळेच थांबले. गटातल्या एका काकांनी घरी बसून अर्ज तपासून बघितला आणि मला फोन केला, "ताई, ते लाल बुटकं खांबावानी काय असतंय?" अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कडेला आगीच्या बंबासाठी तसा नळ असतो. आमच्या वसमतच्या रस्त्यावर तो कुणी कधी बघितलेला नाही. ज्या वस्तूचं नावही आपल्या भाषेत रुळलेलं नाही, ती ओळखता आली नाही म्हणून वसमतच्या शेतकऱ्याला स्वतःच्या हळदीच्या साईटवर यंत्र ठरवलं जात होतं. मी ते कॅप्चा त्याच रात्री काढून टाकलं.

त्याच्या जागी एकच प्रश्न ठेवला. हळदीचा रंग कोणता? मराठीत, आणि खाली हिंदीत. रात्रीला शंभरानं येणारे निरोप आठवड्याला दोन-तीनवर आले.

माणसं मात्र एकच उत्तर देत नाहीत. पिवळा, पिवळी, पिवळं, पिवळाधमक, पीला, पिली, रोमन लिपीत लिहिलेला पिवळा, इंग्रजीतलं यलो, पुढं पूर्णविराम दिलेलं, मागं मोकळी जागा सुटलेलं. कुणी नुसतं 'हळदी' लिहिलं. एकानं 'केशरी' लिहिलं आणि माझ्या प्रोग्रामनं त्याचा अर्ज परत केला. साईटवरचा फोन नंबर बघून त्यानं मला गाठलं. "ओली हळद मोडून बघा की ताई, आतून केशरीच असती." मी घरातलं ओलं हळकुंड मोडून बघितलं. आत गडद केशरी. तीस वर्षं हळद हाताळलेल्या माणसाला मी हळदीचा रंग चुकला म्हणून बाहेर ठेवलं होतं. केशरी त्या दिवशी यादीत गेलं. आता त्या यादीत सव्वीस उत्तरं आहेत, आणि एखादा खरा माणूस अडला की सत्ताविसावं घालायची माझी तयारी असते. मोठ्या पोर्टलांवर नेमकी हीच तयारी मला कुठं दिसत नाही. तिथं माणूस अडला की चूक माणसाचीच धरली जाते.

पुढं मी तो प्रश्नही मागं सारला, कारण त्याहून सोपा उपाय सापडला. अर्जात एक जादा रकाना ठेवायचा आणि तो पडद्यावर दिसणार नाही असा लपवायचा. माणसाला तो दिसतच नाही, म्हणून रिकामा राहतो. बॉट पान बघत नाही, पानामागचा कोड वाचतो, आणि रकाना सापडला की भरतो. तो रकाना भरून आला की समजायचं, पाठवणारा माणूस नाही. या युक्तीला मधाचं मडकं म्हणतात आणि वेबसाईटवाल्यांत ती जुनी आहे. पण तिथंही माझा हात पोळला. मी त्या लपवलेल्या रकान्याला कोडमध्ये 'कंपनी' असं नाव दिलं होतं. ज्यांच्या ब्राऊजरमध्ये नाव-पत्ता साठवलेला होता त्यांचा तो रकाना ब्राऊजरनंच आपोआप भरून टाकला. चार खरे व्यापारी बॉट ठरले. नशीब की मी असे निरोप पुसून न टाकता वेगळ्या खणात ठेवत होते, त्यामुळं दोन दिवसांत लक्षात आलं. आता त्या रकान्याला ब्राऊजरला ओळखीचं वाटणार नाही असं नाव आहे, आपोआप भरू नये अशी सूचना आहे, आणि अंध माणसांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला वगळून पुढं जाईल अशी सोय आहे. तरी कुणी तिथं पोचलंच तर 'हा रकाना रिकामा ठेवा' असं मराठीत लिहिलेलं आहे.

अर्ज उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत भरून आला तर तो बाजूला पडतो, कारण तेवढ्या वेळात माणसाचं नावही लिहून होत नाही. निरोपात दोनापेक्षा जास्त दुवे असतील तर तो निरोप मी वाचेपर्यंत अडून राहतो. या तीन गोष्टींत काही संशय आला तरच हळदीचा प्रश्न पुढं येतो. बाकीचा माणूस सरळ आत येतो. आपली कुणी परीक्षा घेतली, हेही त्याला कळत नाही. हे सगळं बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पैसा लागला नाही.

यावर जाणकार मंडळी म्हणतील, आजच्या एआयला हळदीचा रंग सांगता येत नाही का? येतो की. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही चॅटबॉट देईल. पण असे फालतू निरोप पाठवणाऱ्या स्पॅमवाल्याला त्यासाठी आमच्या अर्जापाशी थांबावं लागेल, प्रश्न वाचायला लावावा लागेल, प्रत्येक निरोपामागं थोडा का होईना खर्च करावा लागेल. वसमतच्या हळद गटाचा चौकशी अर्ज भरून त्याला काय मिळणार? जे कॅप्चा लाखो साईटींवर एकसारखं असतं ते फोडण्यात कमाई आहे, एकदा फोडलं की लाखो दारं उघडतात. माझा प्रश्न जगात एकाच साईटवर आहे. उद्या कुणी खास आमच्यामागं लागलंच तर मी प्रश्न बदलीन, तेवढी पाच मिनिटं माझ्याकडं आहेत. म्हणून गावोगावच्या शाळा, वाचनालयं, बचत गट, मंगल कार्यालयं यांच्या साईटी करणाऱ्या माझ्यासारख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तयार कॅप्चा चिकटवू नका. दोन संध्याकाळी द्या. पोळ्याला कुणाला सजवतात ते विचारा. फक्त बैल, बैलं, बैलाला, बैलजोडी, सर्जा-राजा हे सगळं बरोबर धरा.

अवघड कॅप्चा तरी बॉटला अडवतं का, हेही बघायला पाहिजे. वाकडी अक्षरं वाचायला लावायची कल्पना १९९७ च्या सुमाराची, अल्टाविस्टा नावाच्या तेव्हाच्या शोधयंत्राची. कॅप्चा हे नाव पुढं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. माणसाला सहज जमेल आणि यंत्राला जमणार नाही असं काम द्यायचं, हा त्यामागचा विचार चांगला होता, आणि त्या काळी वाकडं अक्षर वाचणं यंत्राला खरोखर जड जात होतं. २००७ मध्ये त्यांनीच रीकॅप्चा आणलं. स्कॅन केलेल्या जुन्या छापील मजकुरातले जे शब्द संगणकाला वाचता येत नव्हते ते लोकांकडून वाचून घ्यायचे. २००९ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. आणि २०१४ मध्ये गूगलनंच जाहीर केलं की सगळ्यात अवघड वाकडी अक्षरंसुद्धा यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचतं. ज्या दिवशी हे जाहीर झालं त्या दिवशी वाकड्या अक्षरांचं काम संपायला पाहिजे होतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी कुरुंद्याकडची मावशी त्याच अक्षरांपुढं उभी आहे.

फोटोंची गोष्ट वेगळी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संशोधकांनी १,४०० लोकांकडून वेगवेगळी कॅप्चा सोडवून घेतली, बॉटच्या नोंदलेल्या कामगिरीशी ती ताडून बघितली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला. बॉट माणसांपेक्षा अचूकही निघाले आणि वेगवानही. पुढच्याच वर्षी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी फोटोंचं रीकॅप्चा शंभर टक्के सोडवणारा प्रोग्राम करून दाखवला. म्हणजे कॅप्चा जसजसं अवघड करत जावं, तसतशी अडते ती मावशी. यंत्राला त्याचा जाच होत नाही.

ज्यांना यंत्र परवडत नाही ते माणसं लावतात, आणि ती माणसं आपल्याकडचीच असतात. बॉटला कॅप्चा आलं की ते चित्र दूर बसलेल्या माणसाकडं जातं, तो टाईप करतो, उत्तर काही सेकंदांत बॉटला मिळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये या धंद्याचा अभ्यास केला तेव्हा हजार कॅप्चा सोडवायला अर्ध्या डॉलरइतकी कमी मजुरी दिली जात होती. त्या वेळच्या भावानं वीस-पंचवीस रुपये. हजार वेळा डोळे ताणायचे आणि वीस-पंचवीस रुपये. सोडवणारे भारतासारख्या देशांतले.

हे काम मी माझ्या गल्लीत बघितलं आहे. बी.ए. झालेला, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेला एक मुलगा. त्यानं मोबाईलवर 'घरबसल्या कॅप्चा टायपिंग' अशी जाहिरात बघितली. नोंदणीचे पंधराशे रुपये भरले. रात्री अकरा ते तीन तो माझ्याच सेंटरमधून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर बसायचा. त्याला पडद्यावर इंग्रजी अक्षरं दिसायची, तो टाईप करायचा, पुढचं चित्र यायचं. ते चित्र कुठल्या साईटचं, कुणासाठी, काही कळायचं नाही. सतरा दिवसांनी पैसे मागितले तर सांगितलं, तुमची अचूकता कमी पडली. मग करार मोडल्याची वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, दंड भरा नाहीतर केस करू. नोटीस खोटी होती. मी त्याला सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन लावून दिला. पैसे परत आले नाहीत, पण त्याला धमक्या येणं थांबलं.

मी या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघते. मावशीला स्वतःच्या अर्जाची स्थिती बघायची होती, तिला कॅप्चानं अडवलं. मुलगा कुणा परक्या बॉटसाठी रात्रभर कॅप्चा उघडत होता, त्याला कुणी अडवलं नाही. दोघं एकाच तालुक्यातले. जे कुलूप पैसे टाकले की उघडतं, ते माणूस आणि यंत्र यांच्यात फरक करत नाही. पैसे असलेला आणि नसलेला यांच्यात करतं.

२०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा मराठवाड्यानं हे अंगावर घेतलं आहे. लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलवर वेळ उघडली की काही मिनिटांत संपायची. गावच्या आरोग्य केंद्रातली वेळ शहरातले लोक मिळवायचे आणि गाडी करून लस घ्यायला यायचे. गावातला माणूस केंद्राच्या पायरीवर बसून बघत राहायचा. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत होता ते प्रोग्रामकडून वेळ शोधून घेत होते. त्यावर उपाय म्हणून त्याच महिन्यात पोर्टलवर कॅप्चा आलं. इंग्रजी अक्षरांचं. ज्याला आधीच जड जात होतं त्याच्या वाटेत आणखी एक दगड आला. केंद्रावर जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली तेव्हा कुठं खेड्यातली रांग हलली.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. सरकारी पोर्टल म्हणजे हळदीचा चौकशी अर्ज नव्हे. तिथं लाखो लोकांची माहिती असते, दलाल असतात, एकामागोमाग क्रमांक टाकत लोकांची माहिती उपसणारे प्रोग्राम असतात. तिथं मधाचं मडकं पुरणार नाही, हे कबूल. पण वर सांगितलं तेच तिथं जास्त लागू होतं. जिथं पैसा आहे तिथं कॅप्चा विकत सोडवलं जातं. मग उपाय दाराच्या आत करावे लागतील. अर्जाची स्थिती दाखवताना नाव, बँक खातं, आधारचे आकडे दाखवूच नयेत. 'मंजूर', 'प्रलंबित', 'कागद कमी' एवढंच दाखवलं तर उपसण्यासारखं काही उरत नाही. ज्याला पुढचं बघायचं त्याला मोबाईलवर ओटीपी. ओटीपीचे आकडे मावशीला वाचता येतात, टाकी आली की तसेच आकडे ती गॅसवाल्याला सांगते.

कुणी म्हणेल, एका इंटरनेट पत्त्यावरून किती वेळा विचारणा आली ते मोजा आणि जास्त झाली की बंद करा. हा उपाय शहरात बसून सुचतो. शेवटच्या तारखेच्या रात्री माझ्या सेंटरमधून दोनशेच्या वर अर्ज जातात, सगळे एकाच पत्त्यावरून. एका पोर्टलनं अशाच एका रात्री आम्हाला बॉट ठरवून दोन तास बाहेर ठेवलं. बाहेर ओट्यावर माणसं झोपली होती. मोबाईल कंपन्याही एकेक पत्ता हजारो ग्राहकांत वाटतात, त्यामुळं एकाच्या पापानं अख्खं गाव बंद होऊ शकतं. मोजायचंच असेल तर एका अर्ज क्रमांकावर दिवसात किती विचारणा झाल्या आणि एकाच ठिकाणाहून किती चुकीचे क्रमांक टाकले गेले ते मोजावं. खरा माणूस स्वतःचाच क्रमांक टाकतो आणि तो बहुधा बरोबर असतो.

फसवणूक कुठून होते तेही एकदा उघड बोललं पाहिजे. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता तेव्हा बोगस अर्जांचा केवढा बोभाटा झाला, २०२५ मध्ये ती सोय बंदही झाली. त्यात माझ्याच धंद्यातल्या काहींवर ठपका आला. ते अर्ज लॉगिन असलेल्या माणसांनी भरले होते. प्रत्येकानं कॅप्चा नीट वाचून, अचूक टाकलं असणार. त्या सगळ्या काळात कॅप्चानं अडवलं कुणाला, तर ज्याला स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचा अर्ज भरायचा होता त्याला.

मराठीला राजभाषा ठरवणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. साठ वर्षं झाली. पोर्टलवरचा मजकूर आता बहुतेक ठिकाणी मराठीत असतो, पण आत जायच्या दारावर अजून इंग्रजी अक्षरं आहेत, तीही मोडकी. काही ठिकाणी बेरीज विचारतात. सात अधिक पाच. हे चांगलं आहे, मावशीलाही जमतं. पण मराठी कीबोर्डवरून '१२' टाकलं तर चूक दाखवतात, इंग्रजी अंकांत टाकलं तर बरोबर. दोन्ही बरोबर धरायला प्रोग्रामरला एक ओळ लिहावी लागते. ती ओळ लिहिली गेली नाही, कारण तपासणाऱ्यांपैकी कुणी मराठी कीबोर्ड उघडलाच नाही. आणि चुकलं की काय होतं? भरलेला अख्खा अर्ज पुसला जातो. चाळीस रकाने परत भरा. रेंज गेलेली असते, लाईट जायच्या बेतात असते, पाठीमागं वीस माणसं उभी असतात. कॅप्चा चुकलं तर फक्त कॅप्चा परत विचारा, बाकीचं भरलेलं तसंच राहू द्या, एवढं केलं तरी माझ्या सेंटरमधले दर दिवसाचे कित्येक तास वाचतील.

ज्याला दिसत नाही त्याचं काय? आवाजात ऐकवायचा पर्याय काही ठिकाणी असतो, पण त्यात गोंगाटात बोललेली इंग्रजी अक्षरं असतात. आमच्याकडं येणारे एक अंध शिक्षक मोबाईल माझ्यापेक्षा वेगानं चालवतात. कॅप्चा आलं की त्यांना फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, त्यातल्या सगळ्या खाजगी माहितीसकट. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाईन ओळख पटवण्याचा होता, डोळे मिचकावून दाखवा असं ज्यांना सांगितलं जातं पण जमत नाही त्यांचा. वाकडी अक्षरं वाचून दाखवा, हे मला त्याच रांगेतलं वाटतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. येत्या सोमवारी मी हिंगोलीला अर्ज घेऊन जाणार आहे. मागण्या मी मुद्दाम लहान ठेवल्या आहेत. नुसती स्थिती बघायला कॅप्चा नको. जिथं लागेल तिथं मराठीत असावं आणि देवनागरी आकडे चालावेत. चुकलं तर अर्ज पुसला जाऊ नये. पोर्टल मुंबई-दिल्लीत बनतात, जिल्ह्याच्या हातात काही नाही, असं तिथं सांगतील हे मला माहीत आहे. तरी पोच घेऊन यायची आहे. सह्या गोळा करायला सेंटरच्या टेबलावर कागद ठेवला आहे, आतापर्यंत त्र्याहत्तर झाल्या. अंध शिक्षकांनी अंगठा न देता सही केली, ओळीच्या जरा वर गेली. मावशी परवा आली होती. तिचा अर्ज अजून प्रलंबित आहे. तिनं पेन दाबून धरून, मराठीत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.